पुराचं गाणं आणि बाईचं नाव

या वेळेला आपण एरवी कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पापड-मसाल्याचा बाजार असं बोलत असतो. आज मी गाण्याबद्दल बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या इंग्रजी गाण्याबद्दल. रेडिओ बंद करू नका. त्या गाण्यात पूर आहे, कापसाचं रान आहे, मालकाची उचल आहे आणि बायकांना न मिळालेला हिशोब आहे. शेवटी माझी एक चूकही आहे, ती मला तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

सुरुवात माझ्या धाकट्या भावापासून करते. अकरावीला तो तालुक्याच्या कॉलेजात गेला आणि त्याला रॉक संगीताचं वेड लागलं. रॉक म्हणजे विजेवर चालणारी गिटार, मोठाले ड्रम आणि घसा ताणून म्हटलेलं गाणं. त्यानं ते लावलं की आई म्हणायची, "पत्र्यावर कोण दगड टाकतंय का बघ गं जरा." त्या वयात त्याला जितकं जोरात, तितकं चांगलं वाटायचं. दोन-तीन वर्षांनी तो नवी गाणी सोडून जुन्या बँडकडे वळला. मग त्याहून जुन्या. नोकरी लागून पुण्याला गेला, आणि एका दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या मोबाईलवर नुसत्या गिटारीबरोबर कुणी बाई गात होती. मागं जुन्या तबकडीची खरखर. आई करंज्या लाटायची थांबली आणि ऐकत बसली.

मी विचारलं, "तुझं ते धडाडधूम कुठं गेलं रे?"

तो म्हणाला, "ताई, हे तेच आहे. त्याची आजी आहे ही."

मग त्यानं मला एक गाणं लावून दाखवलं. लेड झेपलिन नावाच्या इंग्लंडच्या बँडनं ते १९७१ मध्ये काढलं. नाव 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे बांध फुटेल तेव्हा. एका जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ड्रम ठेवून ते वाजवलंय, त्यामुळं आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. गाण्याच्या कर्त्यांची पाच नावं दिली होती. चार त्या बँडमधल्या पोरांची आणि पाचवं मेम्फिस मिनी. भाऊ म्हणाला, "पोरांच्या यादीत ही बाई कोण, म्हणून शोधायला गेलो आणि मागं मागं जात राहिलो."

त्याच्या मागं मीही गेले. सहा महिने, जमेल तसं वाचत आणि ऐकत. बी.ए.ला इतिहास होता माझा, पण हा इतिहास त्यात नव्हता.

आधी त्या पुराचं सांगते. अमेरिकेत मिसिसिपी नावाची प्रचंड नदी आहे. तिच्या काठाचा सखल मुलूख कापसाचा. पाणी रानात येऊ नये म्हणून नदीच्या काठांनी मैलोन् मैल मातीचे उंच बांध घातले होते. १९२७ च्या एप्रिलमध्ये ते बांध ठिकठिकाणी फुटले. सहा लाखांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो कृष्णवर्णीय माणसं फुटक्या बांधाच्या माथ्यावरच अडकली. त्यांना घेऊन जायला बोटी आल्या होत्या. पण मजूर एकदा गेला तर परत येणार नाही आणि कापूस कोण वेचणार, या भीतीनं गोऱ्या जमीनदारांनी त्यांना नेऊ दिलं नाही. तिथंच तंबूत ठेवून त्यांच्याकडून ओझी वाहून घेतली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण कृष्णाकाठच्या बायकांनी पूर बघितलाय. शाळेच्या वरच्या मजल्यावर आपण किती जणी, किती दिवस होतो ते मी सांगायला नको. आता असं मनात आणा की बोट दाराशी आलीय आणि कुणीतरी म्हणतंय, तुम्ही जायचं नाही, तुम्ही आमच्या उसाच्या कामाच्या आहात.

ही माणसं अशी बांधली गेली कशी? अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपली. पण सुटलेल्या माणसांकडं ना जमीन, ना बैल. मग ती पूर्वीच्याच मालकांची रानं वाट्यानं करू लागली. बियाणं, पीठ, कापड मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षाखेरीला कापूस गेला की हिशोब मालकाच्याच वहीत, आणि बहुतेकदा वाटेकऱ्याच्या अंगावर बाकी उरलेलीच. आपल्याकडं ऊसतोडीची उचल घेतलेल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

अशा रानात गाणं जन्मलं. वेचताना, खुरपताना, लाकडं फोडताना एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. त्यातूनच पुढं 'ब्लूज' आलं. ब्लू म्हणजे निळा. इंग्रजीत मन उदास असलं तर त्याला निळेपणा म्हणतात. पण ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं नाही. त्यात नवऱ्याला दिलेले टोमणे आहेत, थट्टा आहे, घर सोडून जायची धमकी आहे. त्याची नेहमीची घडण साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ओळ दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिसरी सुचायला वेळ मिळतो. आपल्याकडं जात्यावर एकीनं ओवी टाकली की दुसरी ती घोळवते आणि तोवर पहिलीला पुढचं सुचतं. दोन्ही गाणी कामाच्या लयीत जन्मली, एवढंच त्यांचं नातं. आई करंज्या सोडून का ऐकत बसली ते मला इथं उमगलं.

आता ती मेम्फिस मिनी. खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७. लहानपणी तिला नाताळची भेट म्हणून गिटार मिळाली. तेरा-चौदा वर्षांची असताना ती घरातून पळून मेम्फिस शहरात गेली आणि तिथल्या बील स्ट्रीट या रस्त्यावर वाजवून पोट भरू लागली. त्या काळी गिटार हे पुरुषांचं वाद्य. बाईनं गावं, पुरुषानं वाजवावं. मिनी मात्र पुरुषांच्या बरोबरीनं वाजवायची, आणि वरचढही ठरायची. १९२९ मध्ये तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, कॅन्सस जो मॅककॉयनं, पुराचं ते गाणं तबकडीवर भरलं. त्यात आवाज जोचा आहे. मागं पाण्यासारखी खळाळत राहते ती गिटार मिनीची. लेड झेपलिननं केलेल्या गाण्यात मिनीचं नाव राहिलं आणि जोचं गळलं. म्हणजे नाव गळायचं असलं की पुरुषाचंही गळतं, हेही ध्यानात ठेवू.

मिनीच्याही आधीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कृष्णवर्णीय माणसाच्या आवाजात ब्लूज तबकडीवर पहिल्यांदा भरलं गेलं, आणि तो आवाज एका बाईचा होता. तिचं नाव मॅमी स्मिथ. ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कला तिचं 'क्रेझी ब्लूज' हे गाणं भरलं गेलं. तोवर कंपन्यांना वाटायचं, ही गरीब माणसं कुठं तबकड्या विकत घेणार? पण तबकडी हातोहात खपली आणि मग सगळ्या कंपन्या अशा गायिका शोधत फिरू लागल्या.

त्यांतली सगळ्यांत मोठी बेसी स्मिथ. लहानपणीच आई-बाप गेलेली. टेनेसी राज्यात चॅटानूगा गावात भाऊ गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यावर गायची. १९२३ मध्ये आलेली तिची पहिलीच तबकडी लाखोंनी खपली. गरिबावर, पुरावर तिनं स्वतः गाणी रचली. तंबूतल्या खेळांसाठी ती गावोगाव फिरायची, तेव्हा कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नसे. म्हणून तिनं आपल्या ताफ्यासाठी रेल्वेचा आख्खा डबा विकत घेतला. त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं.

पण कागदाकडं बघा. तिच्या करारात रॉयल्टी नव्हती. रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागं मिळणारा वाटा. तिला एका गाण्याचे ठरावीक पैसे मिळत. तबकडी शंभर खपो की लाख, बेसीचे पैसे तेवढेच. १९३७ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्कस्डेल गावाजवळ मोटारीच्या अपघातात ती गेली. फिलाडेल्फिया शहरात तिच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं जमली होती. तरीही तिच्या कबरीवर नावाचा दगड काही लागला नाही. एक-दोन वर्षं नव्हे, तेहतीस वर्षं.

तोवर गाणं मात्र पुढं निघालं होतं. कापसाची रानं सोडून लाखो कृष्णवर्णीय माणसं शिकागोसारख्या शहरांकडं गेली. शहरातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून तिला वीज जोडली. मिसिसिपीच्या मळ्यातून १९४३ मध्ये शिकागोला आलेल्या मडी वॉटर्सनं असंच केलं. मिनीनंही त्याच सुमारास विजेची गिटार हातात घेतली होती. त्या गाण्याचा वेग वाढला, ठेका जड झाला, आणि त्यातून रॉक निघालं. ते ऐकून मोठी झालेली इंग्लंडची पोरं १९६० नंतर बँड काढू लागली. एका बँडनं तर आपलं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून ठेवलं, रोलिंग स्टोन्स.

या वाटेवर बायकांचं काय झालं, त्याचं एक उदाहरण देते. विली मे थॉर्नटन, धिप्पाड म्हणून तिला सगळे बिग मामा म्हणायचे. १९५२ मध्ये तिनं 'हाउंड डॉग' हे गाणं भरलं. लिहिणारी दोन गोरी पोरं होती, पण त्यात जीव घातला तो तिनं. गाणं गाजलं. १९५६ मध्ये तेच गाणं एल्व्हिस प्रेस्लीनं म्हटलं आणि जगभर लाखोंनी विकलं गेलं. बिग मामा सांगायची, तिला त्या गाण्याचे एकदाच पाचशे डॉलर मिळाले. पुढं तिनं स्वतः 'बॉल अँड चेन' हे गाणं रचलं. जॅनिस जॉप्लिन नावाच्या टेक्ससच्या तरुण रॉक गायिकेनं ते ऐकलं, बिग मामाची परवानगी घेतली आणि १९६७ मध्ये एका मोठ्या महोत्सवात म्हटलं. जॅनिस एका रात्रीत प्रसिद्ध झाली. पण गाण्याचे हक्क बिग मामानं आधीच एका कंपनीला दिलेले होते. परवानगी मागायला माणूस तिच्याकडं आलं, पैसा मात्र दुसरीकडं गेला.

म्हणून मी गटात सारखी म्हणते, सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दोघींकडून वाचून घ्या. मैत्रिणींनो, कागदात फसायला अडाणीच असावं लागतं असं नाही. साऱ्या देशात गाजलेल्या बायका फसल्या आहेत.

याच जॅनिसचं पुढचं ऐका. शाळकरी वयात तिनं बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकून गाणं शिकलेलं. १९७० मध्ये तिला कळलं की बेसीच्या कबरीवर दगड नाही. तिनं निम्मे पैसे दिले. उरलेले दिले वनिटा ग्रीन नावाच्या फिलाडेल्फियातल्या बाईनं. ही बाई लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायला जायची. एक रॉकची मोठी गायिका आणि एक एके काळची कामवाली, दोघींनी मिळून त्या ऑगस्टमध्ये बेसीचं नाव दगडावर कोरून घेतलं. पुढं दोनच महिन्यांत जॅनिस स्वतः वारली. वय सत्तावीस.

मेम्फिस मिनी १९७३ मध्ये गेली. शेवटची वर्षं आजारपणात आणि गरिबीत काढली. पाठीमागं दोनशेच्या आसपास गाणी, पण कबरीवर काही नाही. १९९६ मध्ये बॉनी रेट नावाच्या गिटार वाजवणाऱ्या गायिकेनं पैसे दिले आणि तिथं दगड बसला. त्यावर तिचं घरचं नाव आहे आणि गाण्यातलंही आहे.

काहींनी जिवंतपणीच भांडून घेतलं. विली डिक्सन हा शिकागोचा मोठा गीतकार. लेड झेपलिनच्या एका गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत, असा दावा त्यानं १९८५ मध्ये लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली. त्यानं ब्लूज हेवन नावाची संस्थाही काढली, जुन्या कलाकारांना आणि त्यांच्या वारसांना त्यांचे हक्क मिळवून द्यायला. एकटा माणूस कंपनीशी भांडू शकत नाही, म्हणून चार जणांची ताकद एकत्र करायची. हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

आता माझ्या भावासारखे रॉकवाले मागं का जातात? एकटा तोच नाही. एरिक क्लॅप्टन हा इंग्लंडचा नावाजलेला गिटारवाला, त्यानं १९९४ मध्ये सगळी जुनी ब्लूजचीच गाणी घेऊन एक अल्बम काढला. रोलिंग स्टोन्सनं २०१६ मध्ये तेच केलं, तेव्हा गाणारा मिक जॅगर सत्तरी ओलांडलेला होता. लुईझियानात कापूस वेचलेला वाटेकऱ्याचा मुलगा बडी गाय २०११ मध्ये मुंबईला आला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवात. त्याला ऐकायला आलेल्यांत रॉक ऐकत वाढलेली आपलीच पोरं होती.

भावाला मी विचारलंच, "का रे मागं मागं गेलास?" तो म्हणाला, "ताई, आधी मला त्या वाजवण्याचा वेग आवडायचा. मग ध्यानात आलं, वेग काढून घेतला तरी गाणं उरतंय. मग ते उरलेलं कुणाचं, हे बघावंसं वाटलं."

कुणाचं, हा प्रश्न मला बोचला. आता माझी चूक सांगते.

त्या पुरात शाळेच्या वरच्या मजल्यावर आपल्या गटातल्या एका आजीनं गाणं रचलं होतं. कृष्णामाईवर. दावणीची म्हैस सोडताना काय झालं, चुलीत पाणी कसं शिरलं, सगळं त्यात होतं. रात्री ती म्हणायची आणि बाकीच्या जणी उचलायच्या. पुढं वर्षभरानं आपल्या प्रभाग संघाची स्मरणिका निघाली. त्यात ते गाणं घालायचं ठरलं. लिहून मी घेतलं. खाली काय टाकायचं? मला वाटलं, बाईमाणसाची ओवीच ती, अशा गाण्यांना कर्ता नसतो. मी लिहिलं, 'पारंपरिक'.

आजीला वाचता येत नाही. नातीनं तिला पान वाचून दाखवलं. बैठकीला आल्यावर आजीनं मला विचारलं, "ही पारंपरिक कुणाची सून गं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. मला वाटलं, आजी गंमत करतेय. हा सगळा इतिहास वाचेपर्यंत मला कळलं नाही की ती गंमत करत नव्हती.

आपल्याकडंही नीट काम करणारी माणसं झाली आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. जात्यावरची बाई म्हणजे कुणीतरी बाई नव्हे, अमक्या गावची अमकी बाई. हे मला स्मरणिकेच्या वेळी ठाऊक नव्हतं, पण आजी तर समोर बसलेली होती. तिला विचारायला पुस्तक लागत नव्हतं.

गेल्या महिन्याच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं आणि आजीची माफी मागितली. आपण ठराव केला, तो इतिवृत्तात लिहिलाय. गटातल्या कुणाचंही गाणं, ओवी, औषधाची माहिती, लोणच्याची रीत कागदावर किंवा मोबाईलवर घ्यायची तर आधी तिला विचारायचं. खाली तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख घालायची. त्यातून पैसे आले तर त्यातला तिचा वाटा तिच्या खात्यावर. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींवर 'पारंपरिक' शब्द खोडून आम्ही हातानं दुरुस्ती केली. ज्या प्रती वाटल्या गेल्या त्या आता माझ्या हातात नाहीत. तुमच्या घरी असेल तर काढून ठेवा.

काय दुरुस्ती करायची ते मी आज सांगत नाही. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आजी इथं, या माईकसमोर बसणार आहे. पुराचं गाणं ती स्वतः म्हणणार आहे आणि आपलं नावही स्वतःच सांगणार आहे. स्मरणिका आणि पेन जवळ घेऊन ऐका.